बँड पाचांचा, आठवण एकाची: रॉक संगीतकार मागे वळून पाहतात तेव्हा

आजचा आपला विषय आहे रॉक आणि पॉप संगीतातल्या ज्येष्ठ कलावंतांनी स्वतःच्या कारकिर्दीकडे मागे वळून पाहणं. आत्मचरित्रं, माहितीपट, निरोपाचे दौरे, जुन्या ध्वनिमुद्रणांच्या नव्या आवृत्त्या असं सगळं यात येतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत याचं पीक जोरात आलं आहे. कीथ रिचर्ड्सचं ‘लाइफ’ आणि पॅटी स्मिथचं ‘जस्ट किड्स’ ही पुस्तकं २०१० मध्ये आली. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न टू रन’ २०१६ मध्ये आलं आणि पुढच्याच वर्षी तो ब्रॉडवेच्या रंगमंचावर एकटा उभा राहून आपलं आयुष्य सांगायला लागला. एल्टन जॉनचं ‘मी’ २०१९ मध्ये आलं.

आता हे एवढं सगळं आताच का, याचं उत्तर सोपं आहे. ही पिढी १९४० च्या दशकात जन्मलेली. ती ऐंशीच्या घरात पोचली. दुसरं कारण पैशाचं. बॉब डिलनने २०२० मध्ये आपल्या गाण्यांचे हक्क विकले, स्प्रिंगस्टीनने २०२१ मध्ये विकले. आयुष्याचा हिशेब आणि मालमत्तेचा हिशेब एकाच वेळी चाललेला आहे. त्यात वाईट काही नाही, पण ते आपल्याला माहीत असलेलं बरं.

या सगळ्याचा आढावा घ्यायला बसलो तर रात्र होईल. म्हणून आपण आज एकच प्रश्न घेऊ. बँड ही चार-पाच जणांची गोष्ट असते आणि आठवण मात्र एकेकाची असते. मग एक जण सांगायला बसला की बाकीच्यांचं काय होतं?

यासाठी आमच्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण आहे ‘द बँड’ या बँडचं. होय, नावच तसं आहे. पाच जण होते. लेव्हन हेल्म हा अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यातला, कापसाच्या शेतात वाढलेला ड्रमर आणि गायक. बाकीचे चौघे कॅनडाचे: गिटारवर रॉबी रॉबर्टसन, बेसवर रिक डँको, पियानोवर रिचर्ड मॅन्युएल आणि ऑर्गनवर गार्थ हडसन. आधी ते रॉनी हॉकिन्स या गायकाच्या मागे वाजवत, मग बॉब डिलनच्या मागे. १९६७ मध्ये न्यूयॉर्क राज्यात वुडस्टॉकजवळच्या एका गुलाबी घराच्या तळघरात डिलनसोबत ते रोज वाजवत बसायचे. त्यातून १९६८ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, ‘म्युझिक फ्रॉम बिग पिंक’. त्या काळात सगळीकडे गिटारचा कानठळ्या बसवणारा आवाज आणि लांबलचक सोलो चालले होते. हे पाच जण मात्र जुन्या अमेरिकन गावातली भजनी मंडळी असावीत तसे गात होते. एकाची ओळ संपायच्या आत दुसरा शिरतो, तिसरा वरून सूर धरतो. कोण मुख्य गायक आहे हे सांगता येत नाही. हीच त्यांची कला होती.

आता या अल्बमच्या वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचू या. गाणी अकरा. चार रॉबर्टसनच्या नावावर. तीन मॅन्युएलच्या, शिवाय एक मॅन्युएल आणि डिलन यांचं मिळून. एक डँको आणि डिलन यांचं. म्हणजे वाटणी बऱ्यापैकी आहे. पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये, दुसरा अल्बम आला. गाणी बारा, आणि बाराही गाण्यांवर रॉबर्टसनचं नाव. त्यातल्या तिनांत मॅन्युएल भागीदार, एकात हेल्म. १९७० च्या तिसऱ्या अल्बमनंतर मॅन्युएलचं नाव गाण्यांखाली दिसेनासं होतं.

यात एवढं काय बिघडलं, असं कोणी विचारेल. तर इथे पैशाचं गणित समजून घ्यायला हवं. अमेरिकेत नेहमीच्या रेडिओवर गाणं लागलं की पैसे मिळतात ते ज्याने गाणं लिहिलं, चाल बांधली त्याला आणि त्याच्या प्रकाशकाला. ज्याने ते गायलं किंवा वाजवलं त्याला त्या वाजण्याचे पैसे मिळत नाहीत. ड्रमचा ठेका, ऑर्गनची सुरुवात, दोन गायकांनी एकमेकांत गुंफलेले सूर, यांना कायद्याच्या भाषेत ‘गाणं’ म्हणत नाहीत. म्हणजे तालमीत पाच जण बसले, पाचांनी डोकं लावलं, तरी कागदावर एकाचं नाव आलं तर पुढची पन्नास वर्षं चेक एकाच्याच घरी जाणार.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या वादकांनी आणि अरेंजरांनी किती काम केलं! वाद्यवृंदाची रचना त्यांनी लिहिली, आणि पडद्यावर नाव आलं संगीतकाराचं. गोन्साल्विस यांचं नाव घरोघरी पोचलं ते १९७७ मधल्या एका सिनेमाच्या गमतीदार गाण्यामुळे, त्यांच्या स्वतःच्या स्वररचनेमुळे नव्हे. या वादकांच्या आठवणी ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने गोळा केल्या आणि २००८ मध्ये पुस्तक काढलं, तेव्हा त्याला नाव दिलं ‘बिहाइंड द कर्टन’. म्हणजे पडद्यामागे. नेमकं तेच.

तर द बँडकडे परत येऊ. १९७६ च्या २५ नोव्हेंबरला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये त्यांनी निरोपाची मैफल केली. डिलन, मडी वॉटर्स, नील यंग, जोनी मिचेल, व्हॅन मॉरिसन असे पाहुणे होते. मार्टिन स्कॉर्सेसीने ती चित्रित केली. ‘द लास्ट वॉल्ट्झ’ हा चित्रपट १९७८ मध्ये आला आणि आजही उत्तम संगीतपटांत गणला जातो. त्याचा निर्माता होता रॉबर्टसन. चित्रपट पुन्हा बघा आणि कॅमेरा कुठे जातो एवढंच बघा. गाणारा हेल्म असला तरी नजर रॉबर्टसनकडे वळते. मुलाखतीतही मुख्य निवेदक तोच. मॅन्युएल आणि हडसन कोपऱ्यात. आणि मजा बघा, मैफल निरोपाची ठरली, पण १९८३ मध्ये बाकीचे चौघे रॉबर्टसनला वगळून पुन्हा एकत्र आले आणि वाजवू लागले. म्हणजे निरोप नेमका कोणाचा होता?

आता दोन पुस्तकं समोर ठेवू. लेव्हन हेल्मचं ‘धिस व्हील्स ऑन फायर’ १९९३ मध्ये आलं, स्टीफन डेव्हिस या लेखकासोबत लिहिलेलं. रॉबी रॉबर्टसनचं ‘टेस्टिमनी’ २०१६ मध्ये आलं. मधे तेवीस वर्षं गेली. या तेवीस वर्षांत काय झालं? पुस्तकं येण्याआधीच, १९८६ मध्ये, मॅन्युएलने आत्महत्या केली होती. १९९९ मध्ये डँको गेला. २०१२ मध्ये घशाच्या कर्करोगाने हेल्म गेला. म्हणजे ‘टेस्टिमनी’ आलं तेव्हा उत्तर द्यायला फक्त हडसन उरला होता, आणि तो मुळातच कमी बोलणारा. टेस्टिमनी म्हणजे साक्ष. साक्षीनंतर उलटतपासणी व्हावी लागते. इथे उलटतपासणी करणारा वकील चार वर्षांपूर्वीच गेलेला.

हेल्मचं पुस्तक रागाचं आहे. गाण्यांच्या नावाबद्दल राग, चित्रपटाबद्दल राग, मॅन्युएल आणि डँकोच्या वाट्याला जे आलं त्याबद्दल राग. १९९४ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये बँडचा सन्मान झाला तेव्हा तो गेलाही नाही. रॉबर्टसनचं पुस्तक वेगळं. ते गोडीगुलाबीचं, देखण्या प्रसंगांचं, गोष्ट सांगायची हातोटी असलेल्या माणसाचं आहे. वाचायला तेच जास्त आवडतं, हे मान्य करायला हवं. पण ते कुठे थांबतं बघा. १९७६ च्या निरोपाच्या मैफलीवर. मॅन्युएलचा मृत्यू त्याच्या बाहेर राहतो. हेल्मशी झालेला भांडणाचा मोठा काळ बाहेर राहतो. गाण्यांच्या कमाईचा वाद पेटला तो काळ बाहेर राहतो. कोणत्याही आत्मचरित्रात लेखक काय लिहितो यापेक्षा तो कुठल्या पानावर थांबतो हे आम्हाला कधीकधी जास्त महत्त्वाचं वाटतं. शेवट निवडणं हीसुद्धा मालकीच आहे.

पण थांबा. हेल्म खरा आणि रॉबर्टसन खोटा, असा निकाल लावून घरी जाणं फार सोपं होईल. तसं नाही ते. बँडमधले बाकीचे दारू आणि अमली पदार्थांत बुडत गेले तेव्हा मी गाणी लिहीत बसत होतो, हे रॉबर्टसनचं म्हणणं. त्यात तथ्य आहे. कागद-पेन घेऊन एकट्याने बसणं हेही कामच आहे, आणि ते कोणीतरी करावंच लागतं. हेल्मचं पुस्तकही शेवटी एकाचंच आहे. रागालाही स्मरणात फेरफार करता येतात.

एका गाण्याचं उदाहरण घेऊ. ‘द वेट’. रॉबर्टसन सांगतो की मार्टिन कंपनीच्या गिटारच्या पोटात डोकावलं, तर आत गावाचं नाव दिसलं, नाझरेथ, पेन्सिल्व्हेनिया. तिथून गाणं सुरू झालं. हेल्म सांगतो की गाण्यात ॲना ली नावाची जी बाई येते ती आमच्या गावाकडची, माझी लहानपणापासूनची मैत्रीण. आता हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं की नाही? शब्द गिटारमधून आला, माणूस आर्कान्सॉतून आला. कॅनडाचा तरुण दक्षिण अमेरिकन संस्थानांवर गाणी लिहीत होता ती कोणाच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टींवर? आणि त्या गोष्टींना गाण्याचा आकार कोणी दिला? कायद्याला एक नाव लागतं. ऐकणाऱ्याला मात्र तशी सक्ती नाही. आपण दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून वाचू शकतो. एकाच्या पानाच्या समासात दुसऱ्याचं पान ठेवायचं. तेव्हा कुठे बँड दिसतो.

२०१९ मध्ये रॉबर्टसनच्या बाजूने माहितीपट आला, ‘वन्स वेअर ब्रदर्स’. म्हणजे ‘एके काळी भाऊ होतो’. नाव हळवं आहे. पण भावांमधली वाटणी कशी झाली हे विचारल्याशिवाय भाऊबंदकी कळत नाही, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. रॉबर्टसन २०२३ मध्ये गेला, हडसन २०२५ च्या जानेवारीत. आता पाचांपैकी कोणी नाही.

एकाने गोष्ट सांगितली की काय होतं, याचं दुसरं टोक बघायचं तर ‘क्वीन’कडे जावं लागेल. फ्रेडी मर्क्युरी लहानपणी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच त्याने मित्रांबरोबर पहिला बँड केला. त्याला मागे वळून पाहायला वेळच मिळाला नाही. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो गेला, पंचेचाळिसाव्या वर्षी. मागे वळून पाहिलं ते मागे उरलेल्यांनी. ‘बोहेमियन ऱ्हाप्सडी’ हा चित्रपट २०१८ मध्ये आला. ब्रायन मे आणि रॉजर टेलर हे बँडमधले साथी त्याच्या निर्मितीत सामील होते. चित्रपटात फ्रेडी स्वतःचे अल्बम करायला बाहेर पडतो, बँड फुटतो, मग तो पश्चात्ताप करून परत येतो आणि १९८५ च्या ‘लाइव्ह एड’ मैफलीआधी आपल्याला एड्स झाल्याचं साथीदारांना सांगतो.

आता वस्तुस्थिती. बँड तेव्हा फुटलेला नव्हता. १९८४ मध्ये त्यांचा अल्बम आला होता आणि लाइव्ह एडच्या दोन महिने आधीपर्यंत त्यांचा दौरा चालू होता. एकट्याचा अल्बम काढण्याचं पाप म्हणाल, तर ते टेलरने फ्रेडीच्या चार वर्षं आधी, १९८१ मध्येच, केलं होतं. आणि आजाराचं निदान लाइव्ह एडनंतर झालं, १९८७ च्या सुमारास, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. सिनेमाला थोडी मोकळीक द्यावी लागते हे कबूल. तारखा इकडच्या तिकडे होतात. पण इथे सगळ्या तारखा एकाच दिशेने सरकल्या आहेत. गेलेल्याच्या खात्यावर चूक जमा होते आणि जिवंत असलेल्यांच्या खात्यावर क्षमाशीलता. हा हिशेब आम्हाला खटकतो. इथेही चित्रपट शिखरावर, लाइव्ह एडच्या टाळ्यांवर थांबतो. पुढची सहा वर्षं, ज्यात हा माणूस खरोखर आजारी असताना गात राहिला, ती दोन वाक्यांत संपतात.

मग काय, मागे वळून पाहणं नेहमी फसवंच असतं? नाही. कधीकधी पुराव्यानेच आठवणीला सुधारलेलं आहे. बीटल्सचं उदाहरण बघा. जानेवारी १९६९ मध्ये त्यांच्या तालमींचं चित्रीकरण झालं, आणि त्यातून ‘लेट इट बी’ हा चित्रपट १९७० मध्ये, बँड फुटल्यानंतर, आला. फुटल्याच्या बातमीनंतर पाहिल्यामुळे लोकांना त्यात भांडणच दिसलं. स्वतः बीटल्सही तसंच सांगू लागले, की तो महिना म्हणजे नुसता मनस्ताप. पन्नास वर्षांनी पीटर जॅक्सनने ते जवळपास साठ तासांचं चित्रीकरण आणि दीडशे तासांचं ध्वनिमुद्रण उघडलं आणि २०२१ मध्ये आठेक तासांची ‘गेट बॅक’ मालिका केली. त्यात भांडण आहेच. जॉर्ज हॅरिसन १० जानेवारीला उठून चालता होतो. पण त्यात हसणं आहे, पोरकटपणा आहे, आणि पॉल मॅकार्टनी गिटार खरवडता खरवडता काहीच नव्हतं तिथून एक गाणं उभं करतो, तो क्षणही आहे. योको ओनो बहुतेक वेळ शांतपणे वर्तमानपत्र वाचत, पत्रं चाळत बसलेली दिसते. पन्नास वर्षांनी लोक म्हणतील की योको अँप्लिफायरवर बसली म्हणून हे फुटले, अशी थट्टा तेव्हाच पॉल करतो! आणि लोक पन्नास वर्षं खरोखर तेच म्हणत राहिले.

अर्थात ‘गेट बॅक’ही निष्पाप नाही. ती बीटल्सच्याच कंपनीच्या संमतीने झाली. साठ तासांतले आठ तास कोणते, हे कोणीतरी निवडलंच. पण आठ तासांच्या लांबीत एक फायदा असतो. सांगणाऱ्याच्या हातून गोष्ट थोडी निसटते. रिंगो न बोलता बसलेला असतो, आपण त्याच्याकडे बघत राहतो, आणि निवेदकाने न सांगितलेलं काही आपल्याला कळतं.

शेवटचं उदाहरण जोनी मिचेलचं. ‘द लास्ट वॉल्ट्झ’च्या मैफलीत नील यंग गात असताना वरचा सूर लावणारा एक आवाज ऐकू येतो. ती जोनी आहे, पडद्यामागे उभी. स्वतःची गाणी म्हणायला ती नंतर येणार होती, म्हणून आधी दिसायचं नव्हतं.

या जोनीने ‘बोथ साइड्स नाऊ’ हे गाणं विशीत लिहिलं. आयुष्याकडे दोन्ही बाजूंनी पाहून झालंय, तरी कळलं काहीच नाही, असं सांगणारं ते गाणं. विशीतल्या मुलीने हे म्हणणं जरा आगाऊपणाचंच! १९६९ च्या ‘क्लाउड्स’ या अल्बमवर तिचा आवाज उंच, चपळ, काचेसारखा आहे. २००० साली तिने तेच गाणं मोठ्या वाद्यवृंदासोबत पुन्हा गायलं. आवाज आता खूप खाली उतरलेला, सिगारेटने खरवडलेला, लय संथ. शब्द तेच, पण वाक्याचा कर्ता बदलला. २०१५ मध्ये तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. बोलणं, चालणं, गिटार धरणं, सगळं पुन्हा शिकावं लागलं. आणि २४ जुलै २०२२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात ती अचानक आली. खुर्चीत बसून, भोवती तरुण गायक-वादक, शेजारी ब्रँडी कार्लाइल. आणि हे गाणं तिसऱ्यांदा गायलं.

इथे सावध राहायला हवं. म्हातारपण आणि आजारपण हा काही कलेचा गुण नव्हे. डोळ्यांत पाणी आलं म्हणजे गाणं चांगलं झालं असंही नाही. आम्ही ते ध्वनिमुद्रण डोळे मिटून, चित्राशिवाय ऐकलं, मुद्दाम. तेव्हा लक्षात येतं की ती शब्द कुठे सोडते, कुठे मागे रेंगाळते, कुठल्या ओळीआधी श्वास घेते. आवाजाच्या टप्प्यात उरलेल्या थोड्याच स्वरांत ती नवी फेक बांधते. जुन्या नोंदीची नक्कल तिने केली नाही. आणि ती गाताना बाकीचे तिच्या सुरांखाली आधार धरून आहेत, तेही स्पष्ट ऐकू येतात. १९७६ मध्ये पडद्यामागून दुसऱ्याला सूर देणारी ही बाई. आता दुसरे तिला देत होते, आणि या वेळी मधे पडदा नव्हता.

जोनी मिचेलने आत्मचरित्र लिहिलेलं नाही. पण त्याच गाण्याची ही तीन ध्वनिमुद्रणं एकापाठोपाठ ऐकली तर ते आत्मचरित्रच आहे, आणि त्यात दुसऱ्या कोणाच्या वाट्याचं काही काढून घेतलेलं नाही.

लेव्हन हेल्मनेही शेवटी हेच केलं, असं आम्हाला वाटतं. कर्करोगाने आवाज जवळपास गेला होता. उपचारांची बिलं भागवायची होती. तेव्हा वुडस्टॉकच्या आपल्या कोठारात त्याने शनिवारच्या रात्रीच्या मैफली सुरू केल्या, मुलीला आणि मित्रांना घेऊन. आवाज हळूहळू परत आला, खरखरीत, फाटलेला. २००७ मध्ये ‘डर्ट फार्मर’ अल्बम आला, त्याला ग्रॅमी मिळालं. त्यात त्याने लहानपणी घरी ऐकलेली जुनी गाणी गायली. पुस्तकातला हेल्म बरोबर आहे की चूक यावर वाद घालता येतो. या अल्बममधल्या हेल्मशी वाद घालायला जागाच नाही.

तेव्हा मंडळी, पुढचं आत्मचरित्र हातात येईल तेव्हा, आणि ते येणारच आहे, ते जरूर वाचा. आम्हीही वाचू. पण वाचून झालं की त्याच बँडचा एखादा जुना अल्बम लावा आणि पुस्तकात ज्याच्यावर एकच परिच्छेद आहे त्याचं वाद्य शोधा. त्या अर्ध्या-पाऊण तासात तो किती बोलतोय ते मोजा. ‘बिग पिंक’पासून सुरुवात करायला हरकत नाही. पहिलाच आवाज रिचर्ड मॅन्युएलचा आहे.

आता प्रश्न घेऊ या.